इडली-डोशाचे धान्य ग्लुटेनमुक्त कसे राखावे?

तांदूळ, उडीद, नाचणी, ज्वारी, बाजरी, वरई या धान्यांत ग्लुटेन नसते. म्हणून इडली, डोसा, उत्तप्पा, मेदूवडा, अप्पम हे दक्षिण भारतीय पदार्थ ग्लुटेन न चालणाऱ्या व्यक्तींना सोयीचे ठरतात. मात्र शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू मिसळला, तर तो डोसा त्यांच्यासाठी सुरक्षित राहत नाही. ही काळजी आपल्या खळ्यापासूनच सुरू होते.

ग्लुटेन म्हणजे काय?
गहू, जव (बार्ली) आणि राय यांमधील प्रथिनांना एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतात. पिठाला चिकटपणा आणि ताण त्यामुळेच येतो. सिलिॲक आजार असलेल्यांच्या लहान आतड्याच्या अस्तराला ग्लुटेनमुळे इजा होते. अन्नरस नीट शोषला जात नाही, मुलांची वाढ खुंटते. आयुष्यभर पथ्य पाळणे हाच यावर उपाय आहे. इतरांना ग्लुटेन टाळण्याची सहसा गरज नसते.
लक्षात ठेवा : खपली हा गहूच आहे. त्यातही ग्लुटेन असते. 'ग्लुटेनमुक्त' म्हणून तो विकू नये.

मग इडली फुगते कशी?
गव्हाच्या पावात वायू धरून ठेवण्याचे काम ग्लुटेन करते. इडलीत ते काम उडीद करतो. उडदातील प्रथिने आणि चिकट पदार्थ आंबताना तयार झालेला वायू धरून ठेवतात. म्हणूनच इडलीसाठी साधारण ३ ते ४ भाग उकड्या तांदळाला १ भाग उडीद डाळ घेतात.

हॉटेलमध्ये गहू कुठे येतो?
- रवा इडली, रवा डोसा, उपमा, शिरा : रवा गव्हाचा असतो.
- परोटा, पुरी : मैदा किंवा कणीक.
- सांबार : बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. तांदळाच्या पिठातील हिंग वापरावा.
- मेदूवडा : पुरी तळलेल्या तेलातच तळला, तर धोका राहतो.

मर्यादा किती?
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमानुसार 'ग्लुटेनमुक्त' लिहिलेल्या पदार्थात ग्लुटेनचे प्रमाण किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. गव्हाच्या एका दाण्यात साधारण ३ ते ४ मिलिग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे एक किलो उडदात गव्हाचे पाच-सहा दाणे दळले गेले, तरी मर्यादा गाठली जाते.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी
१. आधी गहू घेतलेल्या शेतात आपोआप उगवलेली गव्हाची रोपे फुलोऱ्यापूर्वी उपटून टाकावीत. ज्वारीसारख्या रब्बी पिकात हे विशेष पाहावे.
२. मळणी यंत्र किंवा हार्वेस्टर गव्हानंतर येत असेल, तर चाळण्या, पंखा, कोपरे झाडून घ्यावेत. सुरुवातीला निघालेला काही किलो माल वेगळा ठेवून घरी किंवा नेहमीच्या बाजारात वापरावा.
३. खळे झाडून स्वच्छ ताडपत्री अंथरावी.
४. गव्हाची जुनी पोती वापरू नयेत. नवीन पोत्यांवर पीक व मळणीची तारीख लिहावी.
५. गहू आणि हा माल गोदामात वेगळा ठेवावा. सांडलेले धान्य पुन्हा पोत्यात भरू नये.
६. दळणासाठी स्वतंत्र गिरणी उत्तम. गव्हाच्या गिरणीत पिठाची धूळ उडते आणि जात्यातही पीठ अडकून राहते. फक्त पुसून ते पूर्ण निघत नाही.

विक्री करताना
बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने इडली-डोशाचे पीठ विकायला काढण्यापूर्वी अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना घ्यावा. प्रत्येक लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. अहवाल हाती येईपर्यंत पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' छापू नये. तोपर्यंत 'तांदूळ व उडदाचे पीठ' एवढेच लिहावे. घेणाऱ्याच्या घरी आजारी मूल असू शकते आणि ते कुटुंब त्या एका शब्दावर विसंबून असते.

कृषी सहायकांनी गटाच्या बैठकीत वरील सहा मुद्द्यांची यादी करून मळणीपूर्वीच यंत्रमालक आणि गिरणीचालकांशी बोलून ठेवावे.