३१ वेळा हरलेले चॅम्पियन

तुमच्या कॉलेजची टीम एका सीझनमध्ये ३१ मॅच हरली तर काय होईल? कोच बदलेल, कॅप्टन तोंड लपवून कँटीनला जाईल आणि पुढच्या वर्षी खेळाचं बजेटच कापलं जाईल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाची बेसबॉल टीम २००८ मध्ये नेमक्या एवढ्याच मॅच हरली. आणि राष्ट्रीय विजेती ठरली!

हे कसं जमलं? त्यासाठी मे महिन्यातल्या एका स्पर्धेची भानगड समजून घ्यायला हवी.

तिकडची विद्यापीठं 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत खेळतात. आपल्या झोनसारखंच, पण भूगोल जरा सैल. फ्रेस्नोच्या वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये तेव्हा पॅसिफिकमधलं हवाई होतं आणि पार दक्षिणेकडचं लुइझियाना टेकसुद्धा. वसंतभर आपसात मॅच खेळायच्या आणि मेअखेर बहुतेक कॉन्फरन्सची चॅम्पियनशिप. वरच्या डिव्हिजनमध्ये जवळपास ३०० टीम, राष्ट्रीय स्पर्धेत जागा मात्र ६४. त्यातल्या साधारण निम्म्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट मिळतात. उरलेल्या जागांचा निर्णय निवड समितीचा, आणि तिथे बड्या कॉन्फरन्सचं पारडं जड.

म्हणजे बघा, स्पर्धा एकाच प्रकारची, पण प्रत्येकासाठी वेगळी. बडी टीम लवकर बाहेर पडली तरी बॅगा भरून निवांत घरी जाते. तिचं नाव यादीत येणारच असतं. छोट्या टीमचं तसं नाही. हरली की सीझन संपला, आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांनी युनिफॉर्म कायमचा काढायचा. त्यामुळे मला विचाराल तर खरी मजा छोट्या कॉन्फरन्समध्ये असते. टीव्हीवाले कुठेही कॅमेरे लावोत.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पिचर पुरवून वापरणं. टी-ट्वेन्टीत बॉलरला चार ओव्हर्सची मर्यादा असते, इथे मर्यादा खांद्याची. शंभरेक बॉल टाकलेल्या पिचरला चार-पाच दिवस विश्रांती लागते, आणि अख्खी स्पर्धाच तेवढ्या दिवसांत उरकते. शिवाय बऱ्याच ठिकाणी नियम असा, की दोनदा हरलात की बाहेर. पहिलीच मॅच हरलात तर मागच्या दाराने परत यायला जास्त मॅच खेळाव्या लागतात, कधी एका दिवसात दोन. मग कोचने आपला हुकमी पिचर पहिल्याच दिवशी काढायचा की राखून ठेवायचा? राखला आणि हरलो तर? काढला आणि फायनलला पोचलो तर? शेवटच्या दिवशी कित्येकदा बॉल जातो एरवी बाकावर सूर्यफुलाच्या बिया चघळत बसणाऱ्या एखाद्या फर्स्ट इयरवाल्याच्या हातात.

तर २००८. आपण इथे पहिल्या आयपीएलमध्ये रंगलो होतो आणि तिकडे फ्रेस्नोने कॉन्फरन्सची चॅम्पियनशिप मारली. ती हुकली असती तर तेवढ्या पराभवांनंतर समितीने त्यांना विचारलं असतं का, शंकाच आहे. आत आले तेही चार जणांच्या गटात चौथं मानांकन घेऊन, म्हणजे तळाला. लाँग बीचचा गट जिंकला. मग बलाढ्य ॲरिझोना स्टेटला त्यांच्याच मैदानावर हरवलं. पोचले ओमाहाला, जिथे १९५० पासून कॉलेज वर्ल्ड सीरिज होते. तोवर बुलडॉग्ज या टीमचं 'वंडरडॉग्ज' असं बारसंही झालं होतं.

जॉर्जियाविरुद्ध फायनल तीन मॅचची. पहिली ६-७ अशी गेली. दुसरीत ०-५ ने मागे पडूनही १९-१० ने जिंकले. तिसरीला पिचर जस्टिन विल्सन तीनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरला आणि आठ इनिंग टिकला. दिलेला रन एक. फ्रेस्नोचे रन सहा, आणि सहाही एकाच्याच बॅटमुळे आले: स्टीव्ह डेटवायलर. दोन होम रन. अंगठ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना!

शेवटचा कॅच राइट फील्डला उडाला. खाली डेटवायलरच उभा होता.