मालगाडी, जंक्शन आणि सिग्नल केबिन : छायाचित्राचे साधनमूल्य
(मुंबई उपनगरांच्या संदर्भात)

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली आगगाडी आज जेथे घाटकोपर आणि मुलुंड ही स्थानके आहेत त्याच पट्ट्यातून गेली. तेव्हापासून या उपनगरांचा इतिहास लोहमार्गाच्या इतिहासाशी निगडित झाला आहे. या इतिहासाची चित्ररूप साधने विपुल आहेत. परंतु त्यांत टर्मिनसच्या इमारती, फलाटावरील गर्दी आणि उपनगरी गाड्या यांचाच भरणा अधिक. ज्या गाड्यांनी शहराचा कोळसा, धान्य, तेल आणि खत वाहून नेले त्या मालगाड्या, आणि ज्या केबिनींतून त्यांना वाट दिली गेली त्या सिग्नल केबिनी, या संग्रहांत क्वचितच आढळतात. जंक्शनवर उभे राहून मालगाड्यांची छायाचित्रे घेणारा हौशी मनुष्य सामान्यतः छंदिष्ट समजला जातो. तथापि त्याने घेतलेले छायाचित्र हे संशोधनाचे साधन होऊ शकते काय, आणि होत असल्यास कोणत्या अटींवर, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. लेखी साधनांतील उणीव

प्रवासी गाडीचे वेळापत्रक छापले जाते, विकले जाते आणि ग्रंथालयात जपले जाते. मालगाडीस असे सार्वजनिक वेळापत्रक नसते. माल जमेल, इंजिन उपलब्ध होईल आणि मार्ग मोकळा सापडेल त्याप्रमाणे नियंत्रण कार्यालय तिला सोडते. तिच्या जाण्याची तपशीलवार नोंद केबिनमधील अगर स्थानकातील गाडी-नोंदवहीत होते : शेजारच्या स्थानकाने लाइन क्लिअर केव्हा दिला, गाडी केव्हा आली, केव्हा गेली. परंतु या नोंदवह्या कामकाजाच्या सोयीसाठी असतात, अभिलेखागारासाठी नव्हेत. ठराविक मुदतीनंतर त्या नष्ट केल्या जातात. परिणामी एका पिढीनंतरच्या अभ्यासकाच्या हाती वार्षिक अहवालांतील टनांचे आकडे तेवढे राहतात. अमुक जंक्शनवर, अमुक प्रहरी, कोणत्या प्रकारच्या वाघिणी कोणत्या दिशेस जात होत्या हे त्या आकड्यांवरून कळत नाही. दिनांक आणि स्थळ यांची खात्री असलेले छायाचित्र ही उणीव अंशतः भरून काढते.

२. उपनगरांतील मालवाहतुकीचे भूगोलशास्त्र

मुंबईची उपनगरे ज्या मार्गांवर वसली ते मार्ग मुळात दूरच्या प्रदेशांस बंदराशी जोडण्यासाठी घातले गेले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर घाटकोपर व मुलुंड, तर पश्चिम रेल्वेच्या मार्गावर अंधेरी व बोरिवली ही स्थानके येतात. १ जानेवारी १९१५ रोजी मुंबई पोर्ट ट्रस्टची स्वतंत्र रेल्वे सुरू झाली आणि गोदीतील माल वडाळ्यामार्गे मुख्य लोहमार्गांवर येऊ लागला. १९५४ आणि १९५५ साली ट्रॉम्बे परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, पुढे १९६५ मध्ये तेथेच खतनिर्मिती सुरू झाली. त्यामुळे कुर्ल्याहून ट्रॉम्बेकडे जाणाऱ्या मालमार्गास विशेष महत्त्व आले. टाकीच्या वाघिणींची रांग कुर्ला जंक्शनवर मुख्य मार्गास मिळते तेव्हा कारखाना, बंदर आणि देशाचा अंतर्भाग यांचा संबंध एका दृश्यात प्रकट होतो.

काही मार्ग तर नाहीसेही झाले. ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीस जाणारा सुमारे १३ किलोमीटरचा साष्टी–ट्रॉम्बे लोहमार्ग १९२८ साली सुरू झाला आणि १९३४ साली बंद पडला. आज अंधेरी–कुर्ला पट्ट्यात वावरणाऱ्यास येथून कधी आगगाडी जात होती याची कल्पनाही येत नाही. अवघ्या सहा वर्षांच्या आयुष्यात ज्या मार्गाची छायाचित्रे घेणे कोणास अगत्याचे वाटले नसेल, त्याचा मागोवा नकाशांवरून आणि कागदपत्रांवरून घ्यावा लागतो.

मालगाडी व उपनगरी गाडी यांची स्पर्धा ही येथील विशेष बाब होय. ५८ उघड्या वाघिणींची गाडी घेतली, तर प्रत्येक वाघीण सुमारे पावणेअकरा मीटर धरून तिची लांबी इंजिनाशिवायच ६२० मीटरांहून अधिक भरते. तासी ३० किलोमीटर वेगाने अशी गाडी जंक्शनच्या सांध्यांवरून पार होण्यास सव्वा मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. त्यात आधी सांधे बसविणे आणि नंतर मार्ग पुन्हा मोकळा करणे यांचा वेळ मिळविला, म्हणजे गर्दीच्या वेळी एक उपनगरी गाडी खोळंबलीच. यास्तव मालगाड्यांस रात्रीचे व दुपारचे मोकळे प्रहर दिले जातात. पुढे वसई रोड–दिवा मार्गामुळे पुष्कळशी वाहतूक शहराबाहेरूनच वळविता येऊ लागली, आणि १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर कंटेनरांचा ओघही खाडीपलीकडे गेला. घाटकोपर किंवा अंधेरी येथील मालगाडीची छायाचित्रे दुर्मिळ असण्याचे कारण केवळ छायाचित्रकारांची अनास्था नव्हे. ती गाडी बहुधा अंधारात जात असे हेही आहे.

३. सिग्नल केबिन : तिचे कार्य आणि तिचा लोप

जुनी यांत्रिक केबिन ही दोन मजल्यांची वास्तू असते. वरच्या मजल्यास तिन्ही बाजूंनी खिडक्या, कारण केबिनमनास गाडी डोळ्यांनी दिसली पाहिजे. तेथे खटक्यांची रांग असते. सिग्नलचे खटके तांबडे, सांध्यांचे काळे, सांधे कुलूपबंद करणारे निळे आणि वापरात नसलेले पांढरे, असा सर्वसाधारण संकेत. खालच्या मजल्यावर या खटक्यांस एकमेकांशी बांधणारी लोखंडी पट्ट्यांची व खाचांची रचना असते. परस्परविरोधी दोन मार्ग एकाच वेळी देता येऊ नयेत, सांधा योग्य बसून कुलूपबंद झाल्यावाचून सिग्नलचा हात पडू नये, ही शिस्त ती रचना राखते. यासच इंटरलॉकिंग म्हणतात. भारतात या पद्धतीचा पद्धतशीर प्रसार गाझियाबाद–लाहोर मार्गावर १८९४ च्या सुमारास झाला.

अभ्यासकाच्या दृष्टीने केबिनमधील सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे खटक्यावरील लहानशी पट्टी. तीवर त्या खटक्याचा क्रमांक आणि तो ओढण्यापूर्वी जे खटके ओढावे लागतात त्यांचे क्रमांक कोरलेले असतात. अशा सर्व पट्ट्यांची व भिंतीवरील मार्गआकृतीची स्पष्ट छायाचित्रे असतील, तर केबिन पाडल्यानंतरही त्या जंक्शनचे संपूर्ण तर्कशास्त्र कागदावर पुन्हा मांडता येते. केबिनचे बाहेरून घेतलेले सुंदर छायाचित्र हे काम करू शकत नाही.

मुंबईत हे परिवर्तन देशातील अन्य भागांच्या मानाने लवकर घडले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने धावली. १९२८ साली व्हिक्टोरिया टर्मिनस–भायखळा मार्गावर स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, आणि १९५९ साली कुर्ला येथे संपूर्ण मार्ग बटणांनी सिद्ध करणारी रिले पद्धती बसविण्यात आली. एका खोलीतील फलकाने अनेक केबिनींचे काम हाती घेतल्यावर केबिनी रिकाम्या झाल्या. काहींत अन्य कामे चालू झाली, काही पाडल्या गेल्या. खटक्यांचे लोखंड मोडीत निघाले की त्यांबरोबर त्यांवरील क्रमांकही जातात.

४. छायाचित्राचे वाचन

छायाचित्रातून काय कळते हे पाहणाऱ्याच्या तयारीवर अवलंबून असते. प्रथम इंजिन. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८ पासून मालवाहतुकीसाठी आणलेल्या एकूण ४१ विद्युत इंजिनांस त्यांच्या तीन भागांत दुमडणाऱ्या देहामुळे व चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या चालीमुळे मुंबईच्या कामगारांनी ‘खेकडा’ हे नाव दिले होते. त्यांच्या जागी १९७० च्या दशकात चित्तरंजन येथे बांधलेली डब्ल्यूसीजी-२ इंजिने आली. ही दोन्ही १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालणारी. मध्य रेल्वेच्या उपनगरी मुख्य मार्गाचे २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर २०१५ साली, आणि हार्बर मार्गाचे २०१६ साली पूर्ण झाले. यावरून घाटकोपर येथे तारेस पँटोग्राफ टेकवून मालगाडी ओढणारे डब्ल्यूसीजी-२ इंजिन ज्या छायाचित्रात दिसते ते २०१५ नंतरचे असू शकत नाही, हे तारखेची नोंद नसतानाही निश्चित सांगता येते.

दुसरी गोष्ट वाघिणीवरील क्रमांकाची. अलीकडच्या पद्धतीत हा क्रमांक अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार, पुढील दोन मालक रेल्वे, त्यापुढील दोन बांधणीचे वर्ष आणि नंतरचे चार अनुक्रमांक दर्शवितात. अकरावा अंक पडताळ्याचा. सम स्थानांवरील अंकांच्या बेरजेची तिप्पट करून तीत विषम स्थानांवरील अंक मिळवावे. ती बेरीज दहाच्या पुढील पटीपर्यंत नेण्यास जितके उणे पडेल तो पडताळ्याचा अंक. उदाहरणादाखल २१०५०८१२३४ हे दहा अंक घेतले, तर सम स्थानांची बेरीज २०, तिची तिप्पट ६०, विषम स्थानांची बेरीज ६, एकूण ६६. म्हणून अकरावा अंक ४. अस्पष्ट छायाचित्रात एखादा अंक वाचता येत नसेल, तर उरलेल्या दहांवरून तो काढता येतो. दोन अंक संशयास्पद असतील तर मात्र ही रीत एकटी पुरी पडत नाही.

तिसरी गोष्ट गाडीच्या शेपटाची. बहुतेक छायाचित्रकार इंजिन गेल्यावर कॅमेरा खाली करतात. परंतु केबिनमनाच्या दृष्टीने शेवटची वाघीणच महत्त्वाची. तिच्या मागील खूण दिसल्यावरच गाडी अखंड आली, वाटेत एकही वाघीण सुटून राहिली नाही, अशी त्याची खात्री पटते आणि मागील खंड मोकळा झाल्याचे तो कळवितो. शेपटाचे छायाचित्र हे त्या खात्रीचे चित्र आहे.

५. रीतीचा प्रश्न

या विषयात बाहेरील दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवरील वाफेच्या इंजिनांची अखेरची वर्षे टिपली. रात्री, स्वतः रचलेल्या प्रखर झोतदिव्यांच्या साहाय्याने, आणि मार्गालगतच्या माणसांसह. जर्मनीत बर्न्ड व हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे अशा औद्योगिक वास्तू एकाच कोनातून, ढगाळ प्रकाशात, वर्षानुवर्षे टिपल्या. पहिल्याच्या कामातून एका क्षणाचे वातावरण मिळते, दुसऱ्यांच्या कामातून तुलना करता येते. उपनगरांतील केबिनींसाठी दुसरी रीत अधिक उपयुक्त होय. मालगाडीसाठी दोहोंची गरज आहे, कारण तिचे जाणे ही घटना आहे आणि तिचा मार्ग ही रचना.

कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १४७ व्या कलमानुसार रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश हा गुन्हा आहे. केबिनच्या आत किंवा यार्डात जाऊन छायाचित्रे घेण्यास रेल्वे प्रशासनाची लेखी परवानगी घेणे आवश्यक. रुळांत उतरणे जिवावर बेतते, आणि चालकाच्या डोळ्यांवर झोत टाकणे इतरांच्याही. सार्वजनिक रस्त्यावरील उड्डाणपूल हे कायदेशीर तसेच चित्रदृष्ट्याही अधिक सोयीचे स्थान ठरते, कारण तेथून सांध्यांची मांडणी वरून दिसते.

छायाचित्राबरोबर पुढील गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : दिनांक व वेळ, स्थानक आणि कॅमेऱ्याचे नेमके स्थान, गाडीची दिशा, इंजिनाचा क्रमांक, वाघिणींचा प्रकार व मोजता आल्यास संख्या, सिग्नलची स्थिती, आणि चौकटीबाहेर राहिलेली परंतु अर्थनिर्णयास आवश्यक अशी कोणतीही गोष्ट. मूळ निगेटिव्ह अगर मूळ फाइल छाटणी न करता जपावी. कडेस अनवधानाने आलेला सिग्नलचा खांबच पुढे तारखेचा पुरावा ठरू शकतो. निवृत्त केबिनमन व सांधेवाले यांस जुनी छायाचित्रे दाखवून त्यांच्याकडून खटक्यांचे व मार्गांचे वर्णन लिहून घेणे हे या कामाचे दुसरे अंग. हे काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही, कारण हाताने खटका ओढून कुर्ल्यास किंवा अंधेरीस मालगाडीला वाट दिलेल्या माणसांची संख्या दरवर्षी घटत आहे.