मनगटावरचा अंदाज

व्यायामात खर्च होणाऱ्या कॅलरी प्रयोगशाळेत मोजायच्या, तर ट्रेडमिल सुरू होण्याआधीची तयारीच मोठी असते. नाक आणि तोंड झाकणारा मुखवटा डोक्यामागे पट्ट्यांनी आवळून बांधतात. मग त्याच्या भोकावर तळहात धरून श्वास सोडायला सांगतात. कडेने हवा निसटली तर पट्टे पुन्हा आवळायचे, कारण एवढ्यानेही हिशेब चुकतो. मुखवटा शेजारच्या यंत्राला जोडलेला असतो. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो, व्यायाम करणाऱ्याने सोडलेल्या हवेत तो 16-17 टक्क्यांवर येतो. एकूण किती हवा बाहेर आली आणि तिच्यातला किती ऑक्सिजन शरीराने ठेवून घेतला, हे यंत्र सतत मोजत राहते. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण 5 कॅलरी खर्च झाल्या, हा शरीरशास्त्रातला भरवशाचा हिशेब आहे.

मनगटावरच्या घड्याळाची या श्वासाशी कधी गाठच पडत नाही.

त्याची भिस्त दोन गोष्टींवर. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेत उजेड सोडतो. रक्त हा हिरवा उजेड शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक परत येणारा उजेड किंचित कमीजास्त होतो आणि त्यावरून नाडी कळते. दुसरा असतो हाताची हालचाल टिपणारा सेन्सर. यात आपण भरलेले वय, वजन, उंची मिसळून कंपनीचे गणित कॅलरीचा आकडा काढते. हे गणित प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि बहुतेक कंपन्या ते उघड करत नाहीत.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी या आकड्यांची थेट परीक्षाच घेतली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 60 स्वयंसेवक होते आणि अ‍ॅपल, फिटबिट, सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह सात कंपन्यांची उपकरणे. स्वयंसेवक मनगटांवर घड्याळे बांधून बसले, चालले, धावले, सायकल चालवली. त्याच वेळी ईसीजी आणि श्वासाचे यंत्र खरे आकडे नोंदवत होते. नाडी सातपैकी सहा उपकरणांनी 5 टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजली, हे कौतुकास्पदच. कॅलरीत मात्र सगळी घसरली. सर्वांत बरे निघालेले उपकरणसुद्धा सरासरी 27 टक्क्यांनी चुकले, आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी!

नाडी बरोबर असताना कॅलरी चुकतात कशा? कारण नाडी केवळ श्रमानेच वाढत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात, कमी झोपेनंतर, कडक चहा घेतल्यावर किंवा नुसत्या धास्तीनेही ती वाढते. शिवाय एकाच वेगाने धावणाऱ्या दोघांत, रोज धावणाऱ्याची नाडी नवख्यापेक्षा बरीच खाली असते. हालचालीच्या सेन्सरचीही अशीच फसगत होते. सायकलवर हात हँडलला स्थिर असतात आणि सगळी मेहनत पाय करतात. ट्रेडमिलचा दांडा धरून चालले तरी तेच. डंबेल घट्ट पकडले की मनगटाचे स्नायू ताणले जातात, तेव्हा नाडीचे वाचनही डळमळते.

काही वेळा तर वेगवेगळे आकडे दाखवणारी दोन घड्याळे आपापल्या जागी बरोबर असतात. 60 किलो वजनाचा माणूस तासभर झपझप चालला, तर त्याचा एकूण खर्च ढोबळमानाने 240 कॅलरी धरतात. पण तो तास त्याने स्वस्थ बसून काढला असता तरी श्वास, हृदय, मेंदू यांपायी त्यातल्या 60 खर्च झाल्याच असत्या. एक घड्याळ एकूण 240 दाखवते, दुसरे फक्त चालण्याच्या 180. जोडीने फिरायला जाणाऱ्यांच्या निम्म्या वादांचे मूळ इथेच असावे.

या 60 च्या आकड्यालाही एक जुने गृहीतक चिकटलेले आहे. विश्रांतीत माणूस दर किलोमागे मिनिटाला 3.5 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, असे धरून व्यायामाची कितीतरी कोष्टके बनली. 2005 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी साडेसातशेहून अधिक प्रौढांमध्ये तो प्रत्यक्ष मोजला, तेव्हा सरासरी 2.6 च निघाली. बांधा, स्नायू, वय यांनुसार ती आणखी बदलते, आणि नुसत्या वजनाच्या आकड्यावरून अंगात स्नायू किती आणि चरबी किती हे घड्याळाला कळत नाही.

म्हणून घड्याळाने 400 कॅलरी दाखवल्या म्हणजे तेवढे खाण्याची मुभा मिळाली, असे समजणे धोक्याचे आहे. वजन उतरवणाऱ्याचे महिन्यांचे कष्ट अशा हिशेबात वाया जातात. आपल्या आकड्याची तुलना मित्राच्या आकड्याशी नको, आपल्याच घड्याळाच्या मागच्या आठवड्याशी करावी. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, न हलेल इतपत घट्ट बांधावा. आणि घड्याळ घेतले तेव्हा भरलेले वजन आजही तेच आहे का, हे आज एकदा उघडून पाहाच.