टोळी कशी बांधायची? ‘फायनल फँटसी’चे सहा जॉब आणि आपला धंदा



भागीदार किती घ्यायचे, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. पण कोणत्या कामाचे भागीदार घ्यायचे, हे फार कमी जण विचारतात. मग होतं काय, चार जिगरी दोस्त एकत्र येतात, चौघांनाही बोलायला आवडतं, चौघंही गिऱ्हाईक आणायला पळतात आणि हिशेबाची वही कोरीच राहते. सहा महिन्यांत धंदाही जातो आणि दोस्तीही.

हे समजून घ्यायला आज एका जुन्या व्हिडिओ गेमची मदत घेऊ. गेम खेळत नसाल तरी वाचा, सगळं सोपं करून सांगतो.

गेम काय आहे?

जपानच्या स्क्वेअर कंपनीने डिसेंबर १९८७ मध्ये ‘फायनल फँटसी’ हा गेम काढला. त्याचे दिग्दर्शक हिरोनोबू साकागुची. गोष्ट साधी आहे. जगावर संकट आलंय आणि चार योद्ध्यांनी ते दूर करायचंय. पण हे चौघं कोण, ते गेम ठरवत नाही, तुम्ही ठरवता. सहा प्रकारचे जॉब समोर ठेवलेले असतात आणि त्यातून चार जण निवडायचे. एकाच जॉबचे दोन, तीन, अगदी चारही घेता येतात. असे एकूण १२६ वेगवेगळे संच होतात.

या चौघांच्या गटाला गेममध्ये ‘पार्टी’ म्हणतात. आपल्या बीडकरांना त्यासाठी जवळचा शब्द आहे, टोळी.

सुरुवातीला अंगावर ना हत्यार, ना चिलखत, ना एकही मंत्र. खिशात फक्त ४०० नाणी, तीही चौघांत मिळून. मूळ आवृत्तीत पहिल्या पातळीचा एक मंत्र १०० नाण्यांना मिळतो. म्हणजे चार मंत्र घेतले की खिसा रिकामा! भांडवल कमी, गरजा जास्त. ओळखीचं वाटतंय ना?

सहा जॉब, सहा स्वभाव

आता उदाहरण आपल्याकडचं घेऊ. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ झाडावरून उतरलं की दोन-चार दिवसांत पिकतं आणि लगेच नासायला लागतं. म्हणून गर काढून गोठवून विकायचा धंदा. समजा, धारूरकडे चार जण मिळून हा धंदा सुरू करतायत.

१. फायटर. पुढे उभा राहून मार खाणारा आणि मारणारा. सुरुवातीला त्याची जीवनशक्ती ३५, सगळ्यांत जास्त. पण त्याला चांगली तलवार आणि चिलखत लागतं, म्हणजे खर्चही जास्त. धंद्यात हा रोजचं उत्पादन ओढणारा माणूस. पहाटे माल उतरवणार, फ्रीजर भरणार, गाडी लोड करणार. त्याला साधनं द्यायला कंजुषी केली तर तो अर्ध्या ताकदीनेच लढेल.

२. ब्लॅक बेल्ट. याला हत्यार लागतच नाही. अनुभव वाढला की त्याचा रिकामा हात तलवारीपेक्षा भारी पडतो. बी न फोडता झरझर गर काढणारी ताई म्हणजे आपली ब्लॅक बेल्ट. कला तिच्या हातात असते. पण एक लक्षात ठेवा, तिच्या साधनांवर खर्च कमी होतो म्हणून तिचं मोल कमी होत नाही.

३. थीफ. नाव चोर, पण या पहिल्या गेममध्ये त्याला चोरी करताच येत नाही! सुरुवातीला तो कच्चाच वाटतो. पुढे मात्र निन्जा होतो आणि जवळजवळ सगळी हत्यारं चालवतो. हा तुमच्याकडचा शिकाऊ पोरगा. आज फक्त मोबाईलवर फोटो काढतो. धीर धरलात तर उद्या ऑर्डर, पॅकिंग, डिलिव्हरी सगळं बघेल.

४. व्हाइट मेज. याचं मुख्य काम जखमा भरणं. शत्रू मारल्याचं श्रेय त्याला क्वचितच मिळतं, पण तो नसेल तर टोळी अर्ध्या वाटेत आडवी होते. धंद्यात हा वही सांभाळणारा, उधारी वसूल करणारा, मालाची स्वच्छता तपासणारा, चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करणारा. आपल्याकडे हीच जागा बहुतेक वेळा रिकामी असते.

५. ब्लॅक मेज. आग, वीज, बर्फ असे जोरदार मंत्र. पण जीवनशक्ती फक्त २५ आणि मंत्रांचे वापर मोजके. ते संपले की सरायीत मुक्काम करेपर्यंत बिचारा काठीच फिरवणार. धंद्यात ही जाहिरात आणि मोठी डील. एका ऑनलाइन जाहिरातीने किंवा पुण्याच्या एका आइस्क्रीमवाल्याच्या ऑर्डरने खूप फरक पडतो, पण त्याचं बजेट मोजकं असतं. ते दिवाळीआधीच संपवलं तर ऐन हंगामात हात रिकामे.

६. रेड मेज. तलवारही चालवतो, जखमाही भरतो, आगही फेकतो. सुरुवातीला हाच सगळ्यांत कामाचा वाटतो. पण पुढे सगळ्यात मागे पडतो, कारण सर्वांत वरच्या पातळीचे मंत्र त्याला कधीच शिकता येत नाहीत. मंडळी, हा रेड मेज म्हणजे मालक, म्हणजे तुम्ही! पहिल्या वर्षी सगळं स्वतः करणं बरोबर आहे. पाचव्या वर्षीही तेच करत असाल तर धंदा तिथेच अडकणार.

फुकट जाणारा वार

मूळ गेममध्ये एक गंमत आहे. चौघांनाही आधीच हुकूम द्यावे लागतात. दोघांना एकाच शत्रूवर सोडलं आणि तो पहिल्याच्या वारात मेला, तर दुसऱ्याचा वार हवेत जातो. तो आपणहून दुसरा शत्रू शोधत नाही.

आपल्याकडे रोज हेच होतं. दोन भागीदार एकाच व्यापाऱ्याला दोन वेगळे भाव सांगतात आणि दुसऱ्या व्यापाऱ्याला कुणीच फोन करत नाही. म्हणून सकाळी दहा मिनिटं बसा आणि कोण कुणाकडे जाणार ते ठरवा.

आधी पूल, मग जग

पहिलं काम असतं गारलँडच्या तावडीतून राजकन्येला सोडवण्याचं. ते केलं की राजा पूल बांधून देतो आणि पुढची वाट खुली होते. तुमचीही पहिली ऑर्डर छोटी असू द्या. अंबाजोगाईच्या एका ज्यूस सेंटरला महिनाभर वेळेवर, एकसारखा गर द्या. मोठ्या गिऱ्हाइकाकडे जाताना तोच तुमचा पूल.

पुढे एक परीक्षा येते. किल्ल्यातून उंदराची शेपटी आणून ड्रॅगनराज बहामुतला दिली की चौघांचाही दर्जा वाढतो. फायटरचा नाइट होतो आणि त्याला थोडे पांढरे मंत्रही जमायला लागतात. ही परीक्षा सक्तीची नाही, टाळूनही पुढे जाता येतं. धंद्यात प्रशिक्षण, टॅलीचा कोर्स यांचं असंच असतं. कुणी मागे लागत नाही, पण केलं की माणूस बदलतो.

जॉब कपाळावर लिहिलेला नसतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या गेममध्ये एकदा निवडलेला जॉब बदलत नाही, फक्त वाढतो. १९९० च्या तिसऱ्या भागात मात्र प्रवासात जॉब बदलायची सोय आली. १९९२ च्या पाचव्या भागात त्याहून भारी गोष्ट आली. एका जॉबमध्ये शिकलेलं कसब दुसऱ्या जॉबमध्ये सोबत नेता येतं.

हे आपल्या जिल्ह्यासाठी किती मोठं आहे बघा. आपल्या गावगाड्यात बलुतेदारी होती. जॉब जन्माने मिळायचा, बदलायची सोय नव्हती. आजही बीडमधून लाखो माणसं ऊसतोडीला जातात आणि घरात पिढ्यान्पिढ्या कोयता चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मग धंद्याचं नाव काढलं की लोक म्हणतात, “आम्हाला ऊस तोडण्याशिवाय काय येतंय?”

नीट बघा, काय काय येतंय ते. मुकादमाला माणसं जमवता येतात, उचलीचा हिशेब डोक्यात ठेवता येतो, गाड्यांचं वेळापत्रक जुळवता येतं. मोळ्या बांधणाऱ्या ताईला वेगाने, न थकता, एकसारखं काम येतं. परक्या मुलखात सहा महिने संसार चालवता येतो. ही सगळी कसबं नव्या जॉबमध्ये सोबत येतात.

फक्त एक जुनी सवय सोबत आणू नका. कोयत्यात दोघांची मजुरी एकत्र धरतात, त्यामुळे बाईचा हिशेब वेगळा दिसतच नाही. गेममध्ये प्रत्येकाला स्वतःचं नाव असतं, स्वतःची पातळी असते. तुमच्या भागीदारी पत्रातही ताईचं नाव आणि हिस्सा वेगळा लिहा.

आजचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या. सहा जॉब एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर तुमच्या टोळीतल्या माणसाचं नाव टाका. एकच नाव तीन ठिकाणी आलं तर तिथे रेड मेज अडकलाय. व्हाइट मेजची जागा रिकामी असेल तर पहिला रुपया खर्च करण्याआधी ती भरा. आणि प्रत्येक नावापुढे लिहा, हा माणूस जुन्या कामातून कोणतं कसब घेऊन आलाय.

कागद भरून झाला की पुढचा व्हिडिओ बघा. त्यात याच चौघांचं भागीदारी पत्र कसं लिहायचं, ते ओळीओळीने पाहू. तोपर्यंत, टोळी नीट बांधा!