फियाटची देखणी बहीण

डिचोलीच्या बाजारात जुनी फियाट दिसली की आमची मुले हसतात. (तिला भंगार म्हणणारे पालकही त्यात आले.) मुलांनो, १९४७ साली युद्धात होरपळलेल्या इटलीत सिसितालिया २०२ ही दोन दारांची स्पोर्ट्स कार आली. इंजिन साध्या फियाट ११००चे, १०८९ सीसी. कुर्ल्यात बनलेल्या आपल्या पद्मिनीचेही तेवढेच. जादू पिनिनफारिनाच्या पत्र्यात होती. कारागिरांनी तो हाताने ठोकून असा वळवला की बॉनेट, मडगार्ड, हेडलाइट सारे एकाच अंगाचे वाटते. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ही गाडी चक्क प्रदर्शनात मांडली. आम्हाला ती म्हणूनच आवडते. पुढे रेसिंग कारच्या नादात कंपनी कर्जात बुडाली; अशा गाड्या दोनशेच्या आतच झाल्या.