लेकराचा श्वास मोजणारे मणी

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला शुकदास महाराजांकडे लांबलांबून आजारी माणसे येत. मोठा माणूस दुखणे सांगतो, गाडीत बसून जातो. आठ दिवसांच्या लेकराने काय करावे? त्याचा दवाखाना घरीच आला पाहिजे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ही गोष्ट करून दाखवली. लहान मुले न्यूमोनियाने दगावत. सुईणींना श्वास मोजायला सांगावे, तर कित्येकींना बारापुढे मोजता येईना. मग मणी ओवलेले साधे श्वासमापक आले. सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली की धोका. अडाणी म्हणून हिणवलेल्या बायांनी रोग ओळखला!

पुढे 1995 साली 39 गावांत शिकवून तयार केलेल्या बाया बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. वजन घेणे, बाळाला ऊब देणे, अंगावर पाजायला शिकवणे आणि जंतुदोष दिसला तर इंजेक्शनसुद्धा देणे. गावच्या बाईच्या हाती सुई, हे पुष्कळांना रुचले नाही. पण हजारी 62 नवजात बालके दगावत होती, ती तीन वर्षांत 25 च्या आसपास आली. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ही हकिकत छापली. 2011 पासून सरकारने आशाताईंवर हेच काम सोपवले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्या घरी येतात.

अडचण आपल्याकडेच आहे. सोयाबीनची सोंगणी आली की बाळंतीणही रानात आणि आशाताई कुलूप पाहून परत! सासूबाई, तेवढे दिवस सुनेला घरी राहू द्या. वजन अडीच किलोच्या आत असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवावे. बाळ ओढून पीत नसेल, अंग गार लागत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा स्वस्थ असताना मिनिटाला 60 वा जास्त श्वास भरत असतील, तर बिब्बा-डागण्या न करता तडक दवाखाना गाठावा.

आणि ग्रामसभेत एक विचारा: गावातला बाळाचा वजनकाटा चालू आहे का? महिला-बालकल्याणाचा 10 टक्के निधी कशावर खर्ची पडला? रस्त्याचे खडीकरण सगळे विचारतात.