कटरची जागा आणि कटरची दिशा

मोटारीच्या टर्बोचार्जरमध्ये हवा दाबणारे एक लहानसे चक्र असते. त्यास इम्पेलर म्हणतात. त्याची पाती सरळ नसतात; मुळाशी एका बाजूस वळलेली, कडेला दुसऱ्या बाजूस पिळलेली आणि एकमेकांवर झुकलेली असतात. ॲल्युमिनियमच्या भरीव ठोकळ्यातून असे चक्र कोरावयाचे तर मिलिंग यंत्राचा कटर, म्हणजे गरगर फिरणारे दातेरी हत्यार, दोन पात्यांमधील अरुंद खोबणीत शिरला पाहिजे. सरळ वरून उतरणाऱ्या कटरला पात्याची झुकलेली कड आड येते. त्याला तिरपे व्हावे लागते, आणि खोबण वळेल तसतसा हा तिरपेपणा बदलत न्यावा लागतो. पंचाक्ष मिलिंगचा जन्म या गरजेतून झाला.

साध्या यंत्राला तीन हालचाली असतात : डावी-उजवीकडे, मागे-पुढे आणि वर-खाली. त्यांच्या साह्याने कटरचे टोक हव्या त्या जागी नेता येते, पण तो कोणत्या दिशेने उभा राहील हे ठरविता येत नाही. त्यासाठी फिरण्याच्या दोन हालचाली अधिक लागतात. पुष्कळ यंत्रांत कटर सरळच राहतो आणि जॉब ज्यावर बांधलेला असतो ते टेबल कलते व फिरते. येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, अवकाशातील वस्तूच्या हालचालींचे प्रकार तर सहा, मग पाचच अक्ष कसे पुरतात? सहावी हालचाल म्हणजे कटरने स्वतःच्या दांड्याभोवती फिरणे. ते काम तो मिनिटाला हजारो वेळा करीतच असतो!

आकड्यांनी यंत्र चालविण्याची कल्पना अमेरिकेत हेलिकॉप्टरची पाती बनविणाऱ्या जॉन पार्सन्स यांनी मांडली. अमेरिकन हवाई दलाने त्या कामास १९४९ साली पैसा पुरविला, आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेने छिद्रांकित कागदी फितीवर चालणारे तीन अक्षांचे मिलिंग यंत्र लोकांना दाखविले. यंत्र चालले खरे. पण फितीवरचे आकडे काढता काढता माणसे थकून जात. म्हणून त्याच संस्थेतील डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली एपीटी नावाची भाषा तयार झाली. १९५९ साली ती जाहीर करताना पाहुण्यांना तिच्या साह्याने कोरलेली ॲल्युमिनियमची राखदाणी भेट देण्यात आली. या भाषेत आज्ञा देणारा जणू कटरवर स्वार झालेला असतो : येथून डावीकडे वळ, या पृष्ठभागाला लागून जा, पुढची भिंत आली की थांब. संगणक त्यावरून प्रत्येक बिंदूची जागा काढतो आणि पंचाक्षी कामात तिच्याजोडीला कटरची दिशाही लिहून ठेवतो. पुढे एक दुसरी आज्ञावली या माहितीचे त्या विशिष्ट यंत्राच्या कोनांत रूपांतर करते. पडदे आणि चित्रे आली तरी आजही कामाची घडण बहुधा अशीच आहे.

नवशिक्याची पहिली अडचण सवयीची असते. तीन अक्षांवर काम केलेल्या माणसाची दृष्टी कटरच्या टोकावर खिळलेली असते. पण गोल टोकाच्या कटरचे नेमके टोक धातू कापीत नाही, घासते. जात्याची पाळी कितीही वेगाने फिरो, मध्यबिंदू जागीच असतो, तसेच हे. म्हणून कटर थोडा कलवून त्याच्या कुशीने कापावे लागते. मग कल किती, आणि तो कोणत्या बाजूस, हे प्रत्येक वळणावर ठरविणे आले.

दुसरी अडचण लांबीची. फिरण्याच्या अक्षापासून २०० मिलिमीटरवर असलेला बिंदू टेबल एक अंश कलताच सुमारे साडेतीन मिलिमीटर सरकतो. अक्षाची जागा किंवा कटरची लांबी चुकीची नोंदली गेली, तर सरळ कामात झाकून जाणारी चूक येथे प्रत्येक कोनात निराळी होऊन उमटते. त्यामुळे शिकणाऱ्यास आधी टेबल एका कोनात घट्ट बसवून काम करावयास लावतात. पाचही अक्ष एकदम चालविणे मागाहून येते.

तिसरी अडचण अधिक फसवी आहे. आकाशात घार दुरून जात असेल तर आपण मान हळूहळू वळवितो. ती डोक्यावरून गेली तर मात्र एकदम गर्रकन मागे फिरावे लागते. कटरची दिशा टेबलाच्या फिरण्याच्या अक्षाशी जवळजवळ समांतर झाली की यंत्राचीही हीच गत होते. दिशेत जरासाच बदल हवा असतो, पण टेबलाला अर्धा फेरा घ्यावा लागतो. तेवढा वेळ कटर एकाच जागी रेंगाळतो आणि पात्यावर डाग पडतो. पडद्यावरील चित्रात हा डाग सहसा दिसत नाही. उपाय असा की कटरचा मार्ग त्या दिशेपासून दूर ठेवावा, किंवा जॉबच मुळात तिरपा बांधावा.

पडद्यावर न दिसणारे आणखीही काही असते. जॉब आवळून धरणारा क्लॅम्प चित्रात घालावयाचा राहिला, तर तपासणी निर्वेध पार पडते, आणि प्रत्यक्षात टेबल कलताच कटर धरणारा होल्डर त्या क्लॅम्पवर आदळतो. कटर मोडला तर दुसरा आणता येतो. स्पिंडल दुखावला तर यंत्र कित्येक दिवस बंद पडते. म्हणून पहिली फेरी जॉबच्या वर हवेतच घेतात, दुसरी पुष्कळदा मेणाच्या ठोकळ्यावर. शिकणारा वेग अगदी उतरवून ठेवतो, आणि टेबल प्रथमच कलू लागते तेव्हा त्याचा अंगठा यंत्र थांबविण्याच्या बटणावर असतो.